माल्कम पेठ : साताऱ्याच्या राज्यातले एक इंग्रजी गाव

सातारा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीच्या पठारावर, आज ज्या वस्तीला सर्रास महाबळेश्वर म्हटले जाते, तिचे कागदोपत्री नाव दीर्घकाळ माल्कम पेठ असे होते. आणि ज्या स्थानाचे मूळ नाव महाबळेश्वर, ते देवस्थान या पेठेपासून पाच-सहा किलोमीटरांवर, कृष्णेच्या उगमापाशी, ‘क्षेत्र’ किंवा ‘जुने महाबळेश्वर’ या नावाने वेगळे उभे आहे. एका डोंगरावरच्या या दोन वस्त्यांपैकी पहिली इंग्रजांनी वसवली व दुसरी त्यांच्या येण्यापूर्वी कित्येक शतके नांदत होती, एवढी माहिती प्रत्येक पर्यटन-पुस्तिकेत मिळते. पहिल्या वस्तीला ‘इंग्रजांचे गाव’ म्हणताना तिच्याखालची जमीन कोणाची होती, तिच्याकडे जाणारा रस्ता कोणी केला, तिचे पाणी कोणी अडवले आणि तिच्या वाफ्यांत कोण राबले, हे प्रश्न मात्र बहुधा विचारले जात नाहीत. ते विचारले, तर हे गाव चेहऱ्याने इंग्रजी आणि घडणीने साताऱ्याचे असल्याचे दिसते.

इंग्लंडमधील जुने गाव हा एक विशिष्ट प्रकारचा सामाजिक पिंड आहे. मध्यभागी चर्च, त्या चर्चच्या अखत्यारीतला मुलूख म्हणजे पॅरिश, शेजारी सर्वांच्या वापराचे गवताळ पटांगण, जमीनदाराचा वाडा, सराईवजा मद्यगृह आणि सभोवती शेते, अशी त्याची रचना असते. ती कोणी एका दिवशी आखलेली नसते, तर नांगर, वारसाहक्क आणि धर्मविधी यांच्या संथ गतीने ती आकाराला येते. १५३८ पासून तेथील प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले, त्यामुळे एखाद्या गावाची चार-साडेचार शतकांची माणसे नावानिशी सापडू शकतात. माल्कम पेठेत चर्च आहे, बंगले आहेत, वाचनालय आहे, क्लब आहे. पण शेतीतून उगवलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले असे इंग्रज रहिवासी तेथे कधीच नव्हते. उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर काही आठवडे भरायचे आणि मृग लागताच रिकामे व्हायचे, असे हे हंगामी गाव होते. पावसाळ्यात बंगल्यांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकून मालक खाली उतरत आणि मागे राहत ते राखणदार, दुकानदार आणि डोंगरातले मूळचे लोक.

त्या मूळच्या लोकांचा इतिहास क्षेत्रापासून सुरू होतो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून पूजले जाणारे पंचगंगेचे देऊळ आणि त्यालगतचे महाबळेश्वराचे मंदिर यांमुळे हा डोंगर यात्रेकरूंच्या ओळखीचा होता. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकात येथे बांधकाम केल्याची परंपरा सांगितली जाते. डोंगराखालचे जावळीचे खोरे मोऱ्यांच्या ताब्यात होते. १६५६ मध्ये ते शिवाजी महाराजांनी घेतले, प्रतापगड बांधवला, आणि १६५९ मध्ये त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. ६ जानेवारी १६६५ रोजी महाराजांनी जिजाबाईंची व सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली ती याच महाबळेश्वरी. कोकणातून घाटावर येणारी पार घाटाची वाट या डोंगराच्या अंगाने वर चढते आणि तिच्या एका अवघड टप्प्याला रडतोंडीचा घाट म्हणतात, यावरून ती चढण वाटसरूला कशी वाटत असेल याची कल्पना येते. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याने हा डोंगर ‘शोधला’ असे जे लिहिले जाते, त्या शोधाआधी येथे तीर्थ होते, राजकारण होते आणि रहदारीही होती.

मग इंग्रज येथे का आले? १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, नीरा आणि वारणा या नद्यांच्या दरम्यानचा मुलूख त्यांच्याकडे ठेवला आणि दरबारात एक रेसिडेंट नेमला. रेसिडेंट म्हणजे संस्थानिकाच्या राजधानीत राहून कंपनीच्या वतीने सल्ला देणारा आणि प्रसंगी हुकूम चालवणारा प्रतिनिधी. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, जो पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाला. त्या काळी युरोपीय सैनिक लढाईपेक्षा ताप, पटकी आणि हगवण यांनी अधिक मरत, आणि रोगाचे मूळ सखल भागातील दूषित हवेत असते, अशी तत्कालीन वैद्यकाची समजूत होती. उंच व थंड जागी आजारी सैनिकांना ठेवावे, या विचारातून हिंदुस्थानात गिरिस्थानांची, म्हणजे डोंगरावरील आरोग्यवस्त्यांची, कल्पना पुढे आली. नीलगिरीत उदगमंडलम आणि हिमालयात सिमला येथे १८२०च्या सुमारास तिला आकार येत होता. १८२४ मध्ये साताऱ्यास असलेला पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी जंगलातून वाट काढत या पठाराच्या कड्यापर्यंत गेला आणि त्याने येथील हवेचा बोलबाला केला. रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याच्या आग्रहावरून प्रतापसिंहांनी साताऱ्याहून डोंगरावर येणारा गाडीरस्ता करून दिला. १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झालेला सर जॉन माल्कम दुसऱ्या वर्षी येथे आला, युरोपीय सैनिकांसाठी रुग्णालय सुरू झाले, आणि १८२९ मध्ये करार होऊन राजाने ही जागा कंपनीला दिली. मोबदल्यात त्यांना वाईच्या बाजूचे खंडाळे हे गाव मिळाले. (हे खंडाळे पुणे-मुंबई मार्गावरील नव्हे, साताऱ्याकडचे.)

या देवघेवीकडे दोन प्रकारे पाहिले गेले आहे. इंग्रजी लेखक तिला राजाची मैत्रीपूर्ण उदारता म्हणतात; उलट बाजूने पाहणारे तिला दुबळ्या राजाकडून काढून घेतलेले दान समजतात. प्रतापसिंहांची एकूण कारकीर्द पाहता दोन्ही वर्णने अपुरी वाटतात. शिक्षण, छापखाना, रस्ते, राजधानीची पाणीव्यवस्था यांत त्यांनी मनापासून लक्ष घातले होते, ते स्वतः रोजनिशी ठेवत, आणि राजधानीपासून डोंगरापर्यंत पक्का रस्ता होणे, त्यावर पेठ वसणे, व्यापार वाढणे हे त्यांच्या राज्याच्या हिताचेच होते. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगचा डोंगर कंपनीला दिला तेव्हा कागदावर बदल्यात काहीच नमूद नव्हते; त्या मानाने साताऱ्याचा करार गावाच्या बदली गाव असा सरळ व्यवहार होता. व्यवहार करणाऱ्याने तो डोळे उघडे ठेवून केला. समोरचा पक्ष पुढे कसा वागेल, हे मात्र त्याच्या हाती नव्हते.

पेठेची उभारणी कोणी केली, याचे उत्तर सर्वांत कमी सांगितले जाते. माल्कमच्या काळात येथे तुरुंग स्थापन झाला आणि त्यात पेनांग-सिंगापूरच्या बाजूच्या सामुद्रधुनी वसाहतींतून पाठवलेले चिनी व मलायी कैदी ठेवले गेले. रस्त्यांचे बरेच काम त्यांच्याकडून करून घेतले गेले. वेताच्या व बांबूच्या वस्तू विणणे आणि बटाटा व युरोपीय भाज्यांची लागवड यांतही त्यांचा हात होता. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेल्या या माणसांची आठवण आता ‘चायनामन फॉल’ या धबधब्याच्या नावात उरली आहे, आणि ती तेवढीच उरावी हे या गावाच्या इतिहासलेखनाचे एक उणे आहे. त्यांच्यानंतर वाफे स्थानिक कुणब्यांच्या हाती आले. इंग्रजांनी आणलेल्या स्ट्रॉबेरीने त्याच लाल मातीत मूळ धरले आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाशी मालाची गुणवत्ता जोडणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. इंग्रजी प्रयोग सगळेच असे फळले नाहीत. हिवतापावरील क्विनाइन ज्या सालीपासून निघते त्या सिंकोना झाडांची लागवड १८६०च्या दशकात लिंगमळ्याजवळ केली गेली, परंतु ती लवकरच सोडून द्यावी लागली.

धावड या समाजाची कथा निराळ्या कारणाने ध्यानात घेण्याजोगी आहे. जांभ्या दगडातील लोहयुक्त खनिज कोळशाच्या भट्टीत वितळवून लोखंड गाळणारे हे मुसलमान कारागीर डोंगरात पूर्वापार राहत होते. भट्ट्यांना लाकडी कोळसा लागे, कोळशासाठी झाडे तुटत, आणि गिरिस्थानाची शोभा तर झाडीतच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल राखण्याचे धोरण आले आणि भट्ट्या विझल्या. वनसंरक्षण ही चांगली गोष्ट खरीच, परंतु बंगल्यांसाठी, पुलांसाठी व इंधनासाठी झालेली तोड आणि धावडांची तोड यांना एकच माप लावले गेले होते काय, हा प्रश्न अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

माल्कम पेठेभोवती फिरणाऱ्याला जागोजाग ‘पॉइंट’ भेटतात. पॉइंट म्हणजे कड्याच्या टोकावरील अशी जागा जिथून खालचे खोरे दिसते. त्यांना गव्हर्नर, सेनाधिकारी, त्यांच्या बायका व मुली यांची नावे आहेत. केट्स पॉइंट माल्कमच्या मुलीच्या नावाचा, आणि सर्वांत उंच जागा, सुमारे १४३९ मीटरची, विल्सन पॉइंट. हौसेने ठेवलेली नावे म्हणून पर्यटक त्यांच्याकडे पाहतात. पण लॉडविक, कारनॅक आणि फॉकलंड ही तीन नावे एका ओळीत वाचली, तर ती साताऱ्याचे राज्य बुडाल्याची अनुक्रमणिका होते. डोंगराचा गवगवा करणारा लॉडविक पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि १८३६ मध्ये त्याच्याच अमदानीत प्रतापसिंहांवर कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप आला. त्याच्या जागी आलेल्या चार्ल्स ओव्हान्सच्या काळात गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याच्या आरोपांची त्यात भर पडली. मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट कारनॅक १८३९ मध्ये स्वतः साताऱ्यास आला, आरोप कबूल करून क्षमा मागावी, अशी अट त्याने घातली, आणि राजाने ती साफ नाकारल्यावर सप्टेंबर महिन्यात त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले. माल्कमशी झालेल्या कराराला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निधन पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर फॉकलंडने राज्य खालसा करण्याच्या बाजूने मत दिले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने ते खालसा केले.

प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तेथे राहून कंपनीच्या भागधारकांच्या सभांत, पत्रकांतून आणि पार्लमेंटच्या सभासदांमार्फत झगडत राहिले. साताऱ्यातील गेंडा माळावर १८५७ च्या सप्टेंबरमध्ये ज्यांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगाही होता. ज्या डोंगरावर कारनॅकच्या नावाचे टोक आहे, तेथे रंगो बापूजींच्या नावाचे काही नसावे हे इंग्रजी अमलात स्वाभाविक होते. स्वातंत्र्याच्या पाऊणशे वर्षांनंतर तसेच असणे स्वाभाविक म्हणता येत नाही. मात्र जुनी नावे पुसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती नावे राहावीत आणि प्रत्येक नावाखाली त्या माणसाने साताऱ्याशी काय केले ते लिहावे, म्हणजे पॉइंटावर उभा राहणारा माणूस खोऱ्याबरोबर इतिहासही पाहील.

फ्रियर हॉल या वास्तूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८६४ मधील ही दगडी इमारत वाचनालय व सभागृह म्हणून बांधली गेली आणि तिला तेव्हाचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याचे नाव मिळाले. शहाजी राजे वारले तेव्हा हाच फ्रियर साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि दत्तकाचा हक्क मान्य करावा, असा त्याचा सल्ला होता. तो मानला गेला नाही आणि खालसा झालेल्या मुलखाचा कारभार त्यानेच पाहिला. साम्राज्याच्या नोकरीत विरोधी मत नोंदवायचे आणि निर्णय झाल्यावर तो निष्ठेने अमलात आणायचा, ही जी एक इंग्रजी प्रशासकीय वृत्ती होती, तिचे हे चांगले उदाहरण आहे. तिचे कौतुक करावे की तिची कीव करावी, याविषयी मतभेद होऊ शकतो.

चर्च व स्मारके यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. कॅथलिकांचे होली क्रॉस १८३१ चे, अँग्लिकन पंथाचे क्राइस्ट चर्च १८४२ चे; मुंबई लष्कराचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ मध्ये येथेच वारला आणि त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला गेला. प्रकृती सुधारण्यासाठी वसवलेल्या गावाची पहिली ठळक खूण मृत्युस्मारकाची असावी, हा योगायोग विचित्र खरा. क्राइस्ट चर्च झाले त्याच साली शहाजी राजांनी वेण्णेवर बांध घालून तलाव करवला, जो आज नौकाविहारासाठी प्रसिद्ध आहे. पेठेच्या बागांना लागणारे पाणी, तिच्या जमिनीप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे, छत्रपतींच्या घराण्यानेच पुरवले.

पेठेच्या आसपासचा मुलूख पायाखाली घातल्याखेरीज पेठ समजत नाही. पश्चिमेला सावित्रीचे खोरे आहे. तिच्या मुखाशी असलेले बाणकोट १७५६ मध्येच इंग्रजांनी मिळवून त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते, आणि मुंबईहून गलबताने बाणकोट, तेथून खाडीने वर महाडकडे व मग पालखीने किंवा तट्टावरून घाट चढून पेठेत पोहोचणे ही पहिल्या काळातील नेहमीची वाट होती. पूर्वेला पाचगणी लागते. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वसवली आणि तेथे सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. पावसाळ्यात ओस पडणाऱ्या माल्कम पेठेपेक्षा येथला पाऊस पुष्कळच कमी, म्हणून पाचगणी बारमाही राहिली, तेथे निवासी शाळा आणि क्षयरोग्यांची आरोग्यधामे निघाली. इंग्रजी गावाच्या कल्पनेला डोंगरात कोठे थोडे मूळ फुटले असेल तर ते येथे. दोहोंच्या मध्ये भिलार आहे. स्ट्रॉबेरीच्या या गावाने ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून नवी ओळख घेतली. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांसाठी ख्यात झालेल्या गावावरून ही कल्पना घेतलेली आहे, पण तेथे पुस्तके विकली जातात आणि भिलारमध्ये ती लोकांच्या घरांत, देवळात व शाळेत वाचायला ठेवली जातात. कल्पना ब्रिटिश बेटांतून आली आणि गावाने ती आपल्या ओसरीवर बसवली. माल्कमच्या पेठेत घडले त्याच्या हे नेमके उलट आहे.

पसरणीचा घाट उतरला की वाई आणि तिच्या पलीकडे मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेवरचा घाट आणि घाटावरची घंटा यांसाठी मेणवली पाहिली जाते. ती घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतील लुटीतून आलेली, मुळातली पोर्तुगीज चर्चची आहे. डोंगरावर युरोपीयांनी चर्च बांधण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे युरोपीय चर्चची घंटा मराठ्यांनी वसईहून जिंकली होती, हा तपशील डोंगर व खोरे यांच्या इतिहासात किती अंतर पडले ते दाखवतो. ऐतिहासिक गाव म्हणून परिपूर्णता पाहायची तर ती मेणवलीत आहे. माल्कम पेठ तिच्यापुढे तात्पुरत्या छावणीसारखी वाटते.

या प्रदेशाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे नाव घ्यावे लागते. साताऱ्यास राहून ऐतिहासिक कागद, चित्रे व वस्तू यांचा मोठा संग्रह करणाऱ्या या संशोधकाने १९१६ मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीत सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रज वाचकाला रुचेल अशा सुरात तो लिहिलेला आहे, आणि राजनिष्ठेचा तो सूर आज खटकतो. तथापि त्यातील माहितीचा आधार घेतल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही.

इंग्रजांनी पेठेत सुरू केलेल्या अनेक उद्योगांपैकी एकाचे महत्त्व मात्र त्यांच्या जाण्यानंतर वाढले, आणि तो म्हणजे पर्जन्यमापन. डॉक्टरांना हवापालटाचा हंगाम ठरवायचा होता, म्हणून पावसाची, तापमानाची व धुक्याची नोंद येथे अगदी आरंभापासून होऊ लागली. वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पठाराचे आकडे त्या काळी बंगला कधी बंद करायचा, हे ठरवण्याच्या कामी येत. आज ते आकडे सव्वाशे-दीडशे किलोमीटर खाली सांगलीत वाचले जातात. पठारावर पडलेले पाणी वेण्णेतून कण्हेर धरणात व पुढे माहुलीच्या संगमात, कोयनेतून शिवसागर जलाशयात व पुढे कराडच्या प्रीतिसंगमात, आणि कृष्णेतून धोम धरणाकडे जाते. हे तिन्ही प्रवाह एकत्र होऊन सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहतात. या पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, व २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरी एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस नोंदला गेला, तेव्हाही सांगलीच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात होत्या. सांगलीचा पूर अर्थात केवळ महाबळेश्वरच्या पावसाने येत नाही. धरणांतील विसर्ग, वारणा व पंचगंगा यांचे पाणी, पात्रातील अतिक्रमणे आणि खालच्या अलमट्टी धरणाचा वाद ही सगळी कारणे त्यात आहेत. परंतु पठारावरील झाडी व माती पाणी किती वेळ धरून ठेवते, याचा या हिशेबाशी संबंध आहे, आणि म्हणूनच २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश म्हणून अधिसूचित झाला, त्या अधिसूचनेतील बांधकामावरील बंधने पाळली जातात की नाहीत, हा प्रश्न डोंगरावरच्या हॉटेलमालकाइतकाच सांगलीच्या गावभागातील घरमालकाचाही आहे.